ज्या हिवाळ्यात दापोरा आटलं

दापोऱ्याच्या कौतिक आप्पांना रस्त्यात कुणी हाक मारली, तर ते लगेच थांबत नसत. हाताने खूण करत, आणखी चार पावलं टाकत, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत आणि मग वळून म्हणत, "हं, बोल आता." ते पावलं मोजत असत. एकतीस वर्षं पटवारीपण केलेल्या पायांना ती सवयच जडली होती. घरापासून चावडीपर्यंत दोनशे सहा, मारुतीपर्यंत चारशे अकरा, तापीच्या पाण्यापर्यंत हिवाळ्यात तेराशे चाळीस, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की चौदाशेच्या वर. "लग्नात माह्यासंगं सात पावलं चालले," असं त्यांच्या पत्नी रंभाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "तवापासून मोजूच राह्यले."

बुऱ्हाणपूरहून दोन-तीन तासांच्या चालीवर असलेलं दापोरा कपाशीचं, ज्वारीचं आणि नदीकाठाला थोड्या केळीचं गाव. कौतिक आप्पा तिथलेच. लहानपणी बुऱ्हाणपुरात राजपुरा मोहल्ल्यात मामाकडे राहून ते मराठी सातवी शिकले. १८९५ साली सरकारचा बंदोबस्त निघाला, म्हणजे गावोगाव शेतं मोजून नवे नकाशे करायचं ठरलं, तेव्हा तेवीस वर्षांच्या कौतिकला पटवारी नेमलं आणि त्याच्याच गावाची मोजणी त्याच्या हाती दिली. त्याने ती एका हिवाळ्यात पुरी केली. तेव्हापासून दापोऱ्यात बांधावरून भांडण झालं की लोक कोर्टात जात नसत, आप्पांच्या ओसरीवर येत. आप्पा नकाशा पसरत, शेतावर जाऊन मोजून दाखवत आणि म्हणत, "हा तुहा बांध, हा त्याचा. आता चहा प्या आनि घरी जा." लोक चहा पिऊन घरी जात. आप्पांची मोजणी म्हणजे तापीचं पाणी. त्यावर शंका घ्यायची कुणाला सुचत नसे.

१९२७ च्या मार्च अखेरीला आप्पा निवृत्त व्हायचे होते. त्याआधी, जानेवारीच्या दोन तारखेला, एक तरुण नायब तहसीलदार लोखंडी पेटी, घडीची खाट आणि दोन खोकी पुस्तकं घेऊन दापोऱ्यात उतरला. नाव दिगंबर वामन कारंजेकर. अमरावतीचा, नागपुरात बी. ए. झालेला, वय चोवीस. पुढे हेच दिगंबरराव सरकारी नोकरी सोडून तुरुंगात गेले, प्रांताच्या असेंब्लीत निवडून आले, मंत्रीही झाले, आणि त्यांच्या सभेला बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीबाहेर उभं राहायला जागा मिळेनाशी झाली. पण त्या जानेवारीत ते अजून कच्च्या नोकरीतले उमेदवार होते. नव्या अधिकाऱ्याने एखाद्या गावात राहून, जुन्या पटवाऱ्याच्या हाताखाली, स्वतःच्या हाताने सहाशे एकर जमीन मोजून दाखवायची, जुन्या नोंदीशी ताडून पाहायची, मग खंडव्याचे मोठे साहेब येऊन तपासणार आणि मगच नोकरी कायम होणार, असा नियम होता.

"तुम्ही माझे गुरुजी," दिगंबर पहिल्याच दिवशी आप्पांना म्हणाला.

आप्पा संकोचले. "मी कसला गुरुजी, नायबसाहेब. तुमी बी. ए., मी सातवी."

"पन जेवाले गुरुजीच्या घरी या," रंभाबाई आतून म्हणाल्या. "चावडीत शिपाई काय रांधते ते मले ठाऊक हाये."

तेव्हापासून दिगंबर त्यांच्याकडे जेवू लागला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी त्याने आधी कधी खाल्ली नव्हती. पहिल्या दिवशी एक खाल्ली, तिसऱ्या दिवशी तीन. वांग्याच्या भरताने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं तरी तो ताटावरून उठला नाही. "काकू, हे तिखट नाही, ही सत्त्वपरीक्षा आहे," तो म्हणाला. "पास झाले का मंग?" रंभाबाईंनी विचारलं आणि आणखी वाढलं. मुलं नसलेल्या त्या घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलणारं कुणी आलं होतं. जेवताना तो शेतकऱ्यांच्या हालांवर बोले, कायद्यांवर बोले, एकदा तर उभा राहून, उष्ट्या हाताने, तहसीलच्या कारभारावर बोलला. रंभाबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

सोमवारी, तीन तारखेला मोजणी सुरू झाली. जमीन मोजायची ती जरिबेने, म्हणजे शंभर कड्यांच्या लोखंडी साखळीने. एक जरीब भरते सहासष्ट फूट. दर दहा कड्यांवर पितळेचा एक बिल्ला असतो, म्हणजे मोजायला सोपं पडतं. तहसीलच्या कोठारातून ही जरीब कडू नावाचा साखळी ओढणारा गडी बैलगाडीतून घेऊन आला होता. रोज काम सुरू करण्याआधी जरीब तपासायची, हा मोजणीचा पहिला धडा. त्यासाठी आप्पांनी चावडीपुढे सहासष्ट फुटांवर दोन दगड पुरून ठेवले होते. साखळी त्या दगडांवर ताणून पाहायची, बरोबर बसली तरच शेतात न्यायची. एकतीस वर्षांत आप्पांनी हे एक दिवसही चुकवलं नव्हतं.

"साहेब, आधी जरीब दगडाला लावून पाहू," ते म्हणाले.

दिगंबर घड्याळ बघत होता. "आप्पा, ही थेट सरकारी कोठारातून आली आहे. तिला काय तपासायचं? ऊन वर आलं. चला."

आप्पा घुटमळले. पण साहेबाला एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हेही ते एकतीस वर्षं पाळत आले होते. ते चालू लागले. कडूने खांद्यावरची जरीब सावरली आणि तोही, जरा घाईनेच, त्यांच्यामागे निघाला.

दहा दिवस काम झपाट्याने चाललं. दिगंबर उन्हातान्हात, काट्याकुट्यात स्वतः साखळी ओढी, आकडे लिही, कंदिलापाशी बसून शेतांचं क्षेत्रफळ काढी. संक्रांतीला, चौदा तारखेला, तीळगूळ घ्यायला तो घरी आला तेव्हा हातात वही होती आणि चेहरा गंभीर होता.

"आप्पा, मला एक विचारायचं आहे. रागावू नका. यादव पाटलांचं नाल्याकाठचं शेत तुमच्या नोंदीत दहा एकर आहे. माझ्या मोजणीत नऊ एकर ऐंशी डिसमिल भरतं."

एकराचा शंभरावा भाग म्हणजे डिसमिल. आप्पांनी वही घेतली. पुढचं शेत कमी. त्याच्या पुढचं कमी. उगवतीकडची जेवढी शेतं मोजून झाली, तेवढी सगळी कमी. सहाशे एकरांत जवळजवळ बारा एकर जमीन कमी भरत होती.

"बारा एकर कागदावर आहे आणि जमिनीवर नाही," दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज हळूहळू चढत गेला. "एकतीस वर्षं हे लोक नसलेल्या जमिनीचा सारा भरत आहेत. तुमचा दोष नाही म्हणत मी. तुम्ही तेवीस वर्षांचे होतात, घाईत मोजणी झाली असेल. पण हे मला लिहिलंच पाहिजे. हा रयतेवर अन्याय आहे."

रंभाबाईंनी तिळगुळाची वाटी पुढे केली, त्यातला एक खडाही कुणी उचलला नाही.

सोमवारी, सतरा तारखेला, दिगंबरने दहा पानी अहवाल खंडव्याला पाठवला. त्यात लिहिलं होतं की दापोऱ्याची मूळ मोजणी चुकीची असून पटवाऱ्याच्या सगळ्या नोंदी नव्याने तपासाव्या. सोमवारी चोवीस तारखेला मोठे साहेब दापोऱ्याला येऊन मुक्काम करणार होते.

गावाला बातमी कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी यादव पाटील ओसरीवर येऊन बसले. पाटील आप्पांच्याच वयाचे, लहानपणी दोघांनी एका झाडावरच्या चिंचा चोरल्या होत्या.

"आप्पा, माहे वीस डिसमिल कुठी गेले?"

"मले काय ठाऊक."

"तापी माय कपडे धुता धुता घेऊन गेली काय? का तूच डब्यात घालून ठेवले?"

पाटील हसत होते, पण पूर्ण हसत नव्हते. त्यांच्यामागून दोन भाऊ आले. पाच वर्षांपूर्वी आप्पांनी त्यांचा बांध ठरवून दिला होता, चहाही पाजला होता. आता मोजणीच खोटी, तर तो बांधही खोटा, असं धाकट्याचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत असे सहा बांध पुन्हा उकरून निघाले. नदीवर बायकांत कुणीतरी म्हणालं, "गाव आटलं बाई, उन्हाळ्यातल्या विहिरीसारखं." रंभाबाई धुणं अर्धवट टाकून घरी आल्या.

"तुमी काही बोलत काऊन नई?" त्यांनी विचारलं.

"काय बोलू? साहेबानं स्वतः मोजलं. माह्या डोळ्यादेखत मोजलं."

"आनि तुमी मोजलं ते?"

आप्पांना पेन्शनीची भीती नव्हती. मोजणी हीच त्यांची आयुष्यभराची पुंजी होती, आणि ती खोटी निघाली तर ते दापोऱ्यात कोण म्हणून राहणार, हे त्यांना कळत नव्हतं. तेवीस वर्षांच्या त्या कौतिकला ते आठवून बघत होते. घाई केली होती का त्याने? कुठल्या शेतात? कुठल्या दिवशी?

पण विचार करता करता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. माणूस चुकला तर वाकडातिकडा चुकतो. एक शेत जास्त लिहितो, दुसरं कमी, तिसरं चुकून बरोबरही येतं. इथे सगळीच शेतं कमी होती, आणि शेकडा दोन या एकाच हिशोबाने कमी होती. इतक्या शिस्तीत चुकणारा माणूस आप्पांनी पाहिला नव्हता.

बुधवारी सकाळी उजाडताच ते मारुतीमागच्या चांद्यापाशी जाऊन उभे राहिले. चांदा म्हणजे बंदोबस्ताच्या वेळी सरकारी सर्वेवाल्यांनी पक्का पुरलेला दगड. तिथून नाल्यावरच्या दुसऱ्या चांद्यापर्यंतचं अंतर आप्पांनी नव्हे, सर्वेवाल्यांनी यंत्र लावून ठरवलेलं होतं: बरोबर बारा जरिबा. दिगंबरच्या वहीत तेच अंतर अकरा जरिबा अठ्ठ्याऐंशी कड्या असं लिहिलं होतं, म्हणजे शेकडा एक कमी; लांबीत एक आणि रुंदीत एक, म्हणून क्षेत्रफळात दोन. आप्पांची सत्तावीस पावलं म्हणजे एक जरीब, हे त्यांच्या पायांना झोपेतही ठाऊक होतं. त्यांनी धोतर वर खोचलं आणि चालू लागले.

वाटेत यादव पाटील भेटले. "काय आप्पा, सकाळीच?"

आप्पांनी हाताने खूण केली आणि चालत राहिले. दुसऱ्या चांद्याला पाय लागला तेव्हा आकडा होता तीनशे चोवीस. सत्तावीस गुणिले बारा. आप्पा पुन्हा चालत परत आले. पुन्हा तीनशे चोवीस.

मग ते चावडीत गेले. खुंटीवरची जरीब उतरवली, अंगणात पसरली आणि एकेक कडी बोटाने सरकवत मोजू लागले. पहिल्या बिल्ल्यापर्यंत दहा. दुसऱ्यापर्यंत दहा. तिसऱ्यापर्यंत दहा. तिसऱ्या आणि चौथ्या बिल्ल्यामध्ये कड्या होत्या अकरा.

आप्पा जमिनीवरच बसले. पहिल्यांदा त्यांना इतकं हलकं वाटलं की हसू फुटलं. दिवस नीट उजाडल्यावर मात्र दुसरा विचार आला. अहवाल खंडव्याला पोहोचला असणार. साहेबांपुढे ही साखळी उलगडली की आप्पांची लाज राहील आणि त्या पोराची जाईल. दहा पानं लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने साखळीच तपासली नाही, हे वर गेलं तर नोकरी कायम कसली, घरीच पाठवतील. आणि तपासायचं राहिलं तेव्हा आप्पा शेजारीच उभे होते.

त्यांनी घरी जाऊन रंभाबाईंना सगळं सांगितलं.

"मंग सांगा ना त्याले," रंभाबाई म्हणाल्या.

"साहेबाले कसं सांगू का तुमी चुकले म्हनून?"

"तीन भाकरी खाते माह्या घरी. साहेब व्हय काय तो?"

नऊ वाजता दिगंबर चावडीत आला तेव्हा जरीब अंगणात सरळ पसरलेली होती आणि आप्पा तिच्याशेजारी हात जोडून उभे होते.

"साहेब, परीक्षेत कधीकधी कड्या मोजाले लावतात. एकदा हात फिरवून घ्या."

"शंभर असतात, आप्पा."

"असतात. मोजून घ्या."

दिगंबर हसत खाली बसला आणि मोजू लागला. ऐंशी झाल्या, नव्वद झाल्या. शेवटच्या कडीला तो थांबला. "एकशे एक," तो म्हणाला. त्याने उलट्या टोकाने पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे एक. आप्पा तापीच्या दिशेने बघत राहिले, म्हणजे पोराला आपल्या नजरेचा त्रास नको.

साखळी खाली ठेवून दिगंबर म्हणाला, "मी दगडाला लावून पाहिली नाही."

"मी दुसऱ्यांदा सांगितलं नई," आप्पा म्हणाले.

जरा जुनी दिसणारी ती अकरावी कडी कुठून आली, हे कडूला विचारावं लागलं. कडू एकदम सगळंच बोलला. बुऱ्हाणपूरहून येताना जरीब गाडीतून लोंबत राहिली आणि चाकाखाली येऊन तुटली. घाबरून त्याने ती दापोऱ्याच्याच लोटू लोहाराकडून जोडून आणली आणि कुणाला सांगितलं नाही.

लोटू लोहार भात्यावरून उठून आला तो शाबासकी घ्यायला. काळा, आडवा, कानात बाळी.

"हौ साहेब, म्याच जोडली. एक पैसा घेतला नई. उलट माह्याकडची एक कडी वर टाकली."

"वर टाकली म्हणजे?" दिगंबरने विचारलं.

लोटूने आप्पांकडे बघितलं. एवढंही या साहेबाला कळत नाही, असा तो बघण्याचा अर्थ होता. दापोऱ्यात कुणी माप काटोकाट देत नसे. दूधवाला माप ओतून झालं की वर चार थेंब टाकी, ज्वारीची पायली शीग लावूनच भरली जाई, वांगी घेतली तर वर एक वांगं आलंच. मापापेक्षा थोडं वर देणारा तो भला माणूस, काटोकाट देणारा तो कंजूस.

"सरकारी काम," लोटू म्हणाला. "कमी नको पडाले."

"अरे बाबा, तुझ्या त्या एका कडीने गावाची बारा एकर जमीन गेली."

"जास्त कडी टाकल्यानं जमीन कमी झाली?" लोटू बुचकळ्यात पडला. "जास्त टाकली तर जास्त व्हाले पाह्यजे."

दिगंबरने कपाळाला हात लावला. आप्पा पुढे झाले. "लोटू, तुह्या घरची पायली लहान, माही पायली मोठी. एकच रास दोघांनी मोजली, तर माह्या पायल्या जास्त भरतीन का कमी?"

लोटूने बोटांवर बराच विचार केला. "तुमच्या कमी."

"बस. जरीब मोठी झाली, म्हनून जरिबा कमी भरल्या."

लोटू साखळीकडे बघत राहिला. "आनि मी फुकट टाकली वो," तो शेवटी म्हणाला. ते इतक्या दुःखाने म्हणाला की दिगंबरला हसू आलं. आधी ते त्याने आवरलं, मग आवरेना, मग तो चावडीच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आप्पाही हसले. एकटा कडू हसत नव्हता. तो हळूच म्हणाला, "साहेब, मी ही जरीब तापीत टाकून देतो. पाण्यानं वाहून गेली म्हना. खंडव्यात कोनाले काय समजते?"

ती सोपी वाट होती, आणि ती सोपी आहे हे चौघांनाही कळत होतं.

"नाही," दिगंबर म्हणाला. "मी गावभर सांगितलं की आप्पा चुकले. आता गावभर सांगावं लागेल की मी चुकलो."

चोवीस तारखेला मोठ्या साहेबांचा तंबू आमराईत पडला. साहेब इंग्रज, उंच, उन्हाने लाल झालेले, मोडक्या हिंदुस्तानीत पण भरपूर बोलणारे. सगळं गाव जमलं होतं, ते दोन भाऊही, एकमेकांपासून लांब उभे. साहेबांच्या टेबलावर दहा पानी अहवाल होता. त्यांनी तो उचलला आणि दिगंबरला म्हणाले, बोलो.

दिगंबर साहेबांकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग वळला आणि गावाकडे तोंड करून बोलू लागला. त्याने सगळं सांगितलं: आप्पांनी जरीब तपासायला सांगितली, आपण घड्याळ बघितलं, कडी जास्त होती, गाव जेवढं होतं तेवढंच आहे. "तुमची एक वीतभर जमीन कुठं गेली नाही. आप्पांची मोजणी खरी आहे. माझी खोटी आहे. मी अन्याय शोधायला निघालो होतो, आणि पहिला अन्याय माझ्याच हातून, माझ्या गुरूवर झाला." तो थांबला. "भाकरी मात्र मी त्यांच्याच घरची खात होतो," तो म्हणाला, आणि मग गाव हसलं. त्याचं ते पहिलं भाषण. नंतर शेकडो झाली, पण दापोऱ्याची म्हातारी माणसं सांगत की त्याइतकं सरळ पुन्हा झालं नाही.

साहेबांनी भाषांतर ऐकून घेतलं. जरीब तपासायची जबाबदारी कुणाची होती, त्यांनी विचारलं.

"माझी," दिगंबर म्हणाला.

"माही, साहेब," आप्पा पुढे आले. "नियम मले ठाऊक व्हता."

"तोडली म्या," कडू मागून म्हणाला.

"पन कडी माही हाये," लोटू गर्दीतून वाट काढत म्हणाला. आपलं नाव राहून जातंय की काय, अशी त्याला काळजी वाटली असावी.

साहेबांनी चौघांकडे बघितलं. त्यांच्या नोकरीत एका चुकीचे चार मालक एकदम कधी पुढे आले नसतील. त्यांनी अहवाल दिगंबरला परत दिला आणि हुकूम सांगितला. उगवतीकडची सगळी शेतं पुन्हा मोजायची. नायब तहसीलदाराची नोकरी कायम व्हायला सहा महिने उशीर. मोजणी पुरी होईपर्यंत पटवाऱ्याला निवृत्ती नाही. आणि रोज सकाळी जरीब तपासल्याची दोघांनी सही करायची.

"म्हंजे शिक्षा माहीच," रंभाबाई शेजारणीला म्हणाल्या. "आनखी सहा महिने तीन भाकरी." आणि घरी जाऊन त्यांनी बुऱ्हाणपूरहून दराबा, तिथली रवा-तुपाची मिठाई, आणायला माणूस पाठवला.

त्या संध्याकाळी यादव पाटील ओसरीवर आले. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते बसले, पान लावलं, आप्पांना दिलं.

"सापडले काय वीस डिसमिल?" आप्पांनी विचारलं.

"सापडले. शेतातच व्हते."

मागून ते दोन भाऊ आले. धाकट्याने मान खाली घालून विचारलं की जुनाच बांध ठेवायचा का. आप्पांनी रंभाबाईंना चहा टाकायला सांगितलं.

पुन्हा मोजणी फेब्रुवारीत सुरू झाली ती अक्षय्य तृतीयेच्या पुढे चालली. आता दिगंबर घाई करत नव्हता. आप्पांच्या मागे चालत तो पावलं मोजायला शिकला. त्याची जरीब पंचवीस पावलांत भरे. शेतामागून शेत जुन्या नोंदीशी जुळत गेलं. दहा एकराला दहा एकर. जुळलं की कडू मोठ्याने आकडा सांगे, आणि शेतात निंदणाऱ्या बायका लांबून विचारत, "आटलं का वो?"

शेवटून तिसरं शेत नाल्याच्या वळणावरचं होतं. आप्पांच्या नोंदीत चार एकर सतरा डिसमिल. नव्या मोजणीत चार एकर वीस. त्यांनी जरीब दगडाला लावून आणली, पुन्हा मोजलं. चार एकर वीस.

दिगंबरने वही मिटली. "आप्पा, तीन डिसमिल. एवढा फरक चालतो, नियमातच आहे. मी सतराच लिहितो."

आप्पा वळणाकडे बघत होते. तेवीस वर्षांचा कौतिक त्यांना आता आठवला. त्या दिवशी उन्हं कलली होती, नाल्यात चिखल होता, आणि वळणाचा कोपरा त्याने साखळी न धरता अंदाजाने घेतला होता. शेत होतं त्याच्या होणाऱ्या सासऱ्याचं. बांधावरून एक परकरी मुलगी बघत होती. चिखलात उतरून धोतर मळवायला त्याला लाज वाटली होती.

"वीस लिहा," आप्पा म्हणाले.

"पण मग तुमच्या मोजणीत एक चूक..."

"चूक हाये तर हाये. लिहा, साहेब. आनि खाली माही सही घ्या."

दुपारी जेवायला बसल्यावर दिगंबरने सगळं रंभाबाईंना सांगितलं, कारण आप्पा सांगणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. रंभाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग तव्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाली आली ती चुलीची नव्हती.

"माह्या बापाचे तीन डिसमिल," त्या म्हणाल्या. "आनि मले वाटे, हा मानूस नुसता जमिनीकडेच पाहते."

आप्पांनी खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडला. कान लाल झाले होते. दिगंबरने मुकाट्याने आपलं ताट पुढे सरकवलं, आणि त्या दिवशी त्याला चौथी भाकरी न मागता मिळाली.